साडेपाचची नोंद

पुण्यात बाणेरच्या टेकडीखाली एक तीन मजली सरकारी इमारत आहे. तिच्या पाटीवर 'पूर्वज्ञान पडताळणी विभाग' असं लिहिलेलं असलं, तरी रिक्षावाल्याला ते नाव सांगून तिथं कुणी पोचल्याचं ऐकिवात नाही. 'असतं-नसतंचं ऑफिस' म्हटलं की मात्र तो मुकाट्यानं मीटर टाकतो आणि आरशातून एकदा मागे बघून घेतो. तिथं जाणाऱ्याचं कुणीतरी गेलेलं असतं, हे २०४३ साली सगळ्या शहराला ठाऊक होतं.

या ऑफिसातून एकच कागद मिळे. पूर, वादळ, वीज, दरड, ज्यात आपलं माणूस गेलं त्या दिवसाची तारीख घालून अर्ज करायचा. तीन आठवड्यांनी उत्तर येई. 'टाळता आलं असतं' किंवा 'टाळता आलं नसतं'. मधलं काही नाही. लोकांच्या जिवाला यामुळे शांतता मिळेल, असं योजना आखणाऱ्यांना वाटलं होतं. तशी ती मिळते का, हे विभावरी तोरसकरला बारा वर्षं सह्या करूनही कळलेलं नव्हतं. 'नसतं' मिळालेली माणसं गप्प घरी जात. 'असतं' मिळालेलीही गप्पच जात, फक्त ती आधी जिन्यात थोडा वेळ बसत. जिना झाडणाऱ्या बाईंनी म्हणून पायऱ्यांवर सतरंज्या टाकून ठेवल्या होत्या.

हे सगळं शक्य झालं ते 'मागोवा' नावाच्या यंत्रणेमुळे. जुन्या वेधशाळांच्या वह्या, जहाजांच्या रोजनिश्या, विमानतळांच्या नोंदी, इतकंच काय, लोकांच्या लग्नाच्या फोटोंत मागे दिसणारं आभाळसुद्धा तिला भरवलं होतं. त्यावरून ती मागच्या शंभर वर्षांतला कुठलाही तास पुन्हा उभा करी. अमक्या गावी अमक्या दिवशी दुपारी तीनला वारा कुठून होता, हे ती छातीठोकपणे सांगे. पण खरं काय घडलं ते कळणं वेगळं आणि माणसांना ते आदल्या दिवशी कळू शकलं असतं का, हे कळणं वेगळं. त्यासाठी तळमजल्यावर जुनी मॉडेलं ठेवलेली होती.

हवामानाचं मॉडेल म्हणजे काही जादू नव्हे. हवेचा सगळा पसारा चौकोनांत कापायचा, प्रत्येक चौकोनात आत्ताचा दाब, वारा, तापमान, ओल भरायची आणि भौतिकशास्त्राची समीकरणं लावून दहा मिनिटांनी काय होईल ते काढायचं. मग त्यापुढची दहा मिनिटं. असं रांगत रांगत उद्यापर्यंत जायचं. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत एका इंग्रज गणितज्ञानं रुग्णवाहिकेच्या कामातून सवड काढून हे हातानं करून पाहिलं. अवघ्या सहा तासांचा अंदाज काढता काढता तो घायकुतीला आला आणि उत्तर इतकं चुकलं, की दाबात तेवढा बदल पृथ्वीवर कुणी पाहिलेला नाही. १९५० साली खोलीभर पसरलेल्या एका अमेरिकन संगणकानं चोवीस तासांचा अंदाज साधारण चोवीस तासांतच काढला. म्हणजे अंदाज हाती आला तेव्हा तो 'उद्या' दारात उभा होता. पुढे संगणक वेगवान झाले, चौकोन लहान झाले आणि अंदाज जमू लागला.

त्या प्रत्येक टप्प्यावरची मॉडेलं तळमजल्यावर त्यांच्या मूळ चुकांसकट जिवंत ठेवलेली होती. चूक दुरुस्त करायला सक्त मनाई. ऑफिसातल्या लोकांनी त्यांना नावं पाडली होती. दुप्पट पाऊस पाडणारा 'हावरट', वादळ एक दिवस उशिरा आणणारा 'आळशी', आणि नव्वदच्या दशकातला 'मास्तर'. मास्तर निरीक्षकांनी पाठवलेले आकडे शाळेतल्या वह्यांसारखे तपासून चुकीचे वाटतील ते खोडून टाकी.

गंमत अशी, की ही मॉडेलंही उद्याचंच सांगत. तो उद्या केव्हाच होऊन गेला आहे, हे त्यांना कोण सांगणार? 'उद्या हवामान कोरडे राहील' असं पडद्यावर उमटे आणि त्या उद्यात शंभर माणसं वाहून गेलेली असत. विभावरी विज्ञानाची बाई. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तरी जेवणाच्या सुट्टीत सगळे वर गेले, की ती तळमजल्यावर एकटी थांबत नसे.

जूनमधल्या एका सोमवारी अस्मा मुकादमनं एक अर्ज तिच्या टेबलावर आणला आणि पालथा ठेवला. अस्मा तिची बारा वर्षांपासूनची सहकारी. दोघींची टेबलं समोरासमोर होती आणि डबे सामायिक.

"हा तू बघायचा नाहीस, विभा. मी करते. तुला सांगितलं नाही असं नको, म्हणून आणला."

पालथा ठेवलेला कागद न उलटणारा माणूस अजून जन्माला यायचाय. विभावरीनं तो उलटला. ठिकाण मिठबंदर ते चाफेखोण, दक्षिण कोकण. तारीख १० नोव्हेंबर १९९३. मृत एकतीस. अर्जदार जनार्दन खवणेकर, वय एकोणनव्वद, चाफेखोण वेधशाळेचे निवृत्त निरीक्षक. खाली थरथरत्या अक्षरात एक ओळ होती. 'माझ्याकडे त्या दिवसाची वही आहे. ती बघितल्याशिवाय उत्तर देऊ नये.'

त्या काळी मिठबंदरच्या वेधशाळेत निरीक्षक होते वामन तोरसकर, तिचे वडील, आबा.

त्या पहाटे नऊ होड्या समुद्रात गेल्या आणि एकही परत आली नाही. वादळ लहानसंच होतं, पण किनाऱ्याला अगदी खेटून उठलं. उपग्रहाच्या चित्रात वरच्या उंच ढगांचा पांढरा पडदा तेवढा दिसत होता. विभावरी तेव्हा आठ वर्षांची होती. पुढच्या वर्षी बाजारात एका बाईनं तिच्याकडे बघून शेजारणीला म्हटलं होतं, "ह्या तोरसकराचा चेडू. तेच्या पाऱ्यान एकतीस माणसां खाल्ली." चेडू म्हणजे मुलगी, आणि पारा आबांच्या वायुभारमापकातला. त्या दिवशी ती घरी येऊन आबांना बिलगून रडली होती. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण 'असं काही नाही गं' एवढं म्हटलं नाही. त्यानंतर कधीच म्हटलं नाही. निवृत्तीनंतरही मरेपर्यंत रोज संध्याकाळी साडेपाचला ते अंगणात जाऊन उभे राहत आणि पाच मिनिटांनी आत येत.

तेव्हापासून विभावरीनं मनाशी एक गोष्ट पक्की धरली होती. आबांनी खरा आकडा पाठवला होता, माती खाल्ली ती संगणकानं. ती हवामानशास्त्र शिकली ती त्यापायी. विद्यार्थ्यांपुढच्या भाषणांत नाव न घेता हे उदाहरणही देई. १९९३ ची ती नोंद तिच्या टेबलापासून दोन बटणांवर होती. बारा वर्षांत तिनं ती उघडली नव्हती. नियमात बसत नाही, असं ती स्वतःला सांगे. खरं कारण भीती होतं आणि तिला ते माहीत होतं.

"सही तुझी," ती अस्माला म्हणाली, "पण मी शेजारी बसणार."

अस्मानं आधी आबांनी त्या संध्याकाळी पाठवलेली नोंदीची तार काढली. ९ नोव्हेंबर १९९३, संध्याकाळी साडेपाच. मिठबंदर, दाब १००८.३. बोलताना निरीक्षक पुढचं हजार गाळत आणि नुसतं 'आठ-तीन' म्हणत. मग तिनं मिठबंदरच्या वहीचं छायाचित्र उघडलं. आबांचं वळणदार, टाक बुडवून लिहिल्यासारखं अक्षर विभावरीनं लगेच ओळखलं. त्याच तारखेला, त्याच वेळेला, निळ्या शाईत स्पष्ट लिहिलं होतं, १००२.१.

वहीत दोन-एक आणि तारेत आठ-तीन.

"वाचायला चुकलं असेल तारवाल्याचं," विभावरी म्हणाली.

अस्मानं मागची पानं काढली. आदल्या दिवशी वहीत पाच-शून्य, तारेत आठ-नऊ. त्याच्या आदल्या दिवशीही तसाच फरक. सव्वा वर्ष मागे जाईपर्यंत वहीतला आकडा एक होता आणि तारेतला दुसरा. तारवाला सव्वा वर्ष रोज चुकत नाही.

कारण आबांच्या सेवापुस्तिकेत सापडलं. तीन मेमो होते. 'आपल्या केंद्राची सायंकाळची नोंद संगणकीय तपासणीत वारंवार अमान्य होत आहे. निरीक्षकाने दक्षता घ्यावी.' तिसऱ्यात 'अन्यथा अन्यत्र बदलीचा विचार करावा लागेल' असं होतं. हा मास्तरचा प्रताप. त्याचे चौकोन दीडशे किलोमीटरचे. मिठबंदरच्या चौकोनात अर्धा समुद्र, चिमूटभर किनारा, अख्खा घाट आणि वर कोल्हापूरकडचं थोडं पठार. सगळ्याची सरासरी काढली, की मास्तरच्या हिशेबी मिठबंदर चारशे मीटर उंच डोंगरावर भरे. त्या डोंगरावरून तो समुद्रकाठच्या दाबाचा अंदाज बांधी आणि आबा खऱ्या समुद्राकाठी उभं राहून खरं सांगत. दोघांचं जमणार कसं? सहापेक्षा जास्त फरक पडला की मास्तर आकडा खोडी आणि आबांना मेमो येई. दोनदा त्यांनी वायुभारमापक तपासून घेतला. त्यात काहीच बिघाड नव्हता. मग केव्हातरी त्यांनी हार मानली. खरा आकडा वहीत लिहायचा आणि मास्तरला रुचेल असा तारेत घालायचा.

विभावरीला हे सगळं कळत होतं आणि तरीही तिला आबांचा राग आला. लहानपणी परीक्षेत एका मार्कासाठी पेन्सिलीनं खाडाखोड केली, तर आठवडाभर तिच्याशी न बोललेला माणूस हा.

"खरा आकडा घालून चालव," ती म्हणाली.

ही त्या ऑफिसातली नेहमीची रीत होती. जुनं मॉडेल त्या दिवशीच्या सगळ्या आकड्यांनिशी पुन्हा चालवायचं, फक्त एक आकडा बदलून. १९९३ साली मास्तरला उद्यापर्यंत पोचायला तीन तास लागत. आता चार मिनिटं लागत. दोघी तळमजल्यावर पडद्यासमोर उभ्या राहिल्या. साठाव्या सेकंदाला ओळ उमटली. 'केंद्र मिठबंदर. दाब १००२.१. अपेक्षित १००९.८. नोंद अमान्य.' मग बाकीचं गणित झालं आणि शेवटी आलं, 'उद्या दक्षिण कोकण: हवामान कोरडे.'

विभावरी मोठ्यानं हसली आणि हसता हसता रडू लागली. आबांनी खरं सांगितलं असतं, तरी मास्तरनं खोडलंच असतं! होड्या जायच्याच होत्या. आबा खोटं बोलले होते, पण त्या खोट्यानं कुणाचा जीव गेला नव्हता. पन्नास वर्षं उरावर बसलेली धोंड उतरल्यासारखं तिला झालं. हे सांगायला आबा आज हवे होते, असं तिला फार वाटलं.

अस्मानं उठून दार लावून घेतलं. विभावरीचे डोळे पुसून होईपर्यंत ती थांबली आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, "विभा, मास्तर एकट्याचं ऐकत नाही. शेजाऱ्यानं साक्ष दिली तर ऐकतो."

हे विभावरीला ठाऊक होतं, पण त्या घटकेला ती सोयीस्करपणे विसरली होती. त्या काळी तारांत हजार भानगडी होत. आकडे उलटेसुलटे होत. एकदा तर एक जहाज हिमालयात तरंगत असल्याची तार आली होती. म्हणून तपासणी लागे. पण तपासणी करणारेही अगदीच मूर्ख नव्हते. एखादा आकडा फार वेगळा वाटला, तर मॉडेल शेजारच्या केंद्राकडे बघे. शेजाऱ्याचाही तसाच असला, तर दोन्ही खरे मानी. ही सोय मास्तरमध्ये त्या मेमोंनंतर घातलेली होती.

मिठबंदरचा शेजारी चाफेखोण, किनाऱ्यानं चाळीस किलोमीटर खाली. त्याची त्या संध्याकाळची तार होती १००८.६, म्हणजे आठ-सहा.

"बघ, तिथं दाब उतरलाच नव्हता," विभावरी म्हणाली.

अस्मानं मागोवा उघडला आणि चाफेखोणचा साडेपाचचा खरा दाब विचारला. उत्तर दोनच्या खाली होतं.

मग अस्मा म्हणाली, "मागोव्याचा आकडा आपल्याला चालत नाही. तो आज काढलेला आहे. त्या दिवशी त्या माणसानं डोळ्यांनी काय वाचलं, ते हवं. त्याच्या वहीशिवाय मी सही करणार नाही."

"मी जाते," विभावरी म्हणाली.

बुधवारी दुपारी ती चाफेखोणला पोचली. जनार्दन खवणेकर खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, खुर्ची टाकून तिची वाटच बघत होते. सडपातळ म्हातारा, अंगात इस्त्रीचा सदरा, मांडीवर पिशवी. आतून एक पन्नाशीची बाई चहा घेऊन आली, ठेवून गेली आणि दाराच्या आडच थांबली असावी, कारण तिच्या बांगड्या मधूनच वाजत होत्या.

"ही शेवंती," जनार्दनकाका म्हणाले. "माझ्या धाकट्या भावाचा चेडू. दिगंबराचा. तो गेलो तेवा ही पोटात होती. मीच वाडयलंय. तू वामनाचा चेडू मा? तोंड तेचाच आसा. चाय घे."

विभावरीनं चहा घेतला. दिगंबर खवणेकर हे नाव तिनं एकतीसांच्या यादीत वाचलं होतं.

"काका, तुम्ही आणि आबा ओळखत होता एकमेकांना?"

"वळखत?" म्हातारा हसला. "बारा वर्सां रोज फोनार बोललंव. साडेपाचाक आकडो वाचूचो, तार देवच्या आदी मी तेका फोन करूचो. 'वामन, किती इलो?' तो आकडो सांगी, मी माझो सांगी. दोघांचे जुळले काय तार देवची. जुळले नाय तर परत वाचूचे. सायबाचा पत्र येव नये, म्हणान आमी ही रीत पाडलेली."

"त्या दिवशीही केलात फोन?"

म्हाताऱ्यानं पिशवीतून वही काढली. पानाला खूण घातलेलीच होती. त्यानं बोट ठेवलं तिथं लिहिलं होतं, १००१.७.

"माका पत्रां येत होती तशी तेकाय येत होती. पण ही गोष्ट आमी एकमेकाक सांगली नाय. लाज वाटायची. सरकारी माणूस आकडो बदलता, ता सांगतलो कसो? त्या दिवशी पारो वाचलंय. एक-सात! मनात म्हटलंय, वामनाक फोन करतंय. तेचोय खाली गेलो आसलो, तर दोघांव खरो पाठवया. काय व्हयता ता होवंदे. फोन लावलंय. तुझ्या बापाशीन सांगल्यान, आठ-तीन."

विभावरीनं कप खाली ठेवला.

"माका वाटला, माझोच पारो बिघडलो. तेचो आठ-तीन आणि माझो एक-सात, असा कसा होयत? मग मीय सांगलंय, माझो आठ-सहा. तो म्हणालो, 'बरा झाला.' फोन ठेवल्यान."

आबांनी तेव्हा काय केलं असेल, हे विभावरीच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. वहीत दोन-एक लिहून ते फोनपाशी बसले असतील. आज तरी जनार्दनाचा आकडा खाली असेल, तर खरं सांगू, असं त्यांनीही ठरवलं असेल कदाचित. आणि पलीकडून आलं, आठ-सहा. त्यांनाही वाटलं असेल, आपलाच पारा बिघडला. चाळीस किलोमीटरवर दोन भली माणसं, प्रत्येकाच्या हातात खरा आकडा, आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या खोट्यावर विश्वास ठेवून आपलं खरं खोटं ठरवलं. तिला आबांचा आता राग येईना. नुसती कीव आली आणि ती रागापेक्षा वाईट होती.

"रात्री जेवताना दिगंबरान विचारल्यान, 'दादा, उद्या जाव मा?'" म्हातारा म्हणाला. "मी म्हटलंय, जा. रेडिओवर कोरडा सांगल्यांनी हा, जा."

दाराआडच्या बांगड्या थांबल्या होत्या.

"वादळानंतर वामन एकदा इलो हय. ह्याच खळ्यात बसलो. मी तेका वही दाखवलंय. तो बघी ऱ्हवलो. मग तेना आपली वही काढल्यान. आमी एकमेकाच्या वह्यो बघलंव आणि तो उठान गेलो. मगे कधी फोन नाय, भेट नाय." त्यानं वही तिच्या हातात दिली. "माका इतक्याच कळाक व्हया. मी खरो आकडो धाडलंय असतंय, तर दिगंबर वाचलो असतो काय? मरायच्या आदी सांग."

विभावरीनं मांडीवर संगणक उघडला. इथूनही मास्तरपर्यंत पोचता येत होतं. तिनं मिठबंदरपुढे १००२.१ घातलं, चाफेखोणपुढे १००१.७ घातलं. चार मिनिटं मोजत म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

साठाव्या सेकंदाला ओळ आली. 'केंद्र मिठबंदर: शेजारी केंद्राशी जुळते. नोंद मान्य.' लगेच खाली, 'केंद्र चाफेखोण: नोंद मान्य.' मग नकाशावर किनाऱ्याला खेटून रेषा वाकू लागल्या. एक वळली, दुसरी तिच्याभोवती वळली, आणि मास्तरनं, त्या हट्टी, आंधळ्या, डोंगरावरच्या मास्तरनं, चक्क वादळ काढलं. थोडं उत्तरेला सरकलेलं, थोडं अशक्त, पण वादळच. 'उद्या दक्षिण कोकण: समुद्र खवळलेला. मच्छीमारांनी जाऊ नये.' त्या काळच्या तीन तासांच्या हिशेबानं ही ओळ रात्री नऊपर्यंत बंदरावर पोचली असती. होड्या पहाटे चारला सुटल्या होत्या.

विभावरी त्या ओळीकडे बघत राहिली. म्हाताऱ्याला पडदा वाचता येत नव्हता, त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. एकोणनव्वद वर्षांचा माणूस, आज ना उद्या जाणारा. तीन शब्द बोलले की तो सुखानं जाईल. आणि खरं सांगायचं, तर तिला ते तीन शब्द आबांसाठीही हवे होते. सोमवारी तळमजल्यावर मिळालेलं ते हसू तिला परत हवं होतं.

"काका," ती म्हणाली आणि थांबली. "नसतं टाळता आलं."

जनार्दनकाकांनी खुर्ची तिच्याकडे ओढली.

"तुझो बापूस फोनार असोच थांबायचो," मग ते म्हणाले. "आकडो सांगायच्या आदी. पयलां कधी थांबाक नाय, आणि शेवटच्या सव्वा वर्सात रोज थांबायचो. माका तेवा कळाक व्हया होता. मी थांबायचंय, तेका काय कळला नाय काय? कळला आसतला." त्यांनी हात पुढे केला आणि संगणकाच्या कडेवर ठेवला. "खरा सांग गो बाय. किती इलो?"

आता मात्र तिला खोटं बोलवेना.

"एकट्यानं पाठवला असता तर खोडला असता. तुमचाही आणि आबांचाही," ती म्हणाली. "दोघांनी पाठवले असते तर मानले असते. रात्री नऊला बंदरावर इशाऱ्याचे दिवे लागले असते."

"म्हंजे सात तास होते."

"सात तास होते."

म्हाताऱ्यानं मान हलवली. तो रडला नाही. त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं काही दिसलं नाही, की कोसळल्यासारखंही नाही. त्याला हे पन्नास वर्षं माहीत होतं आणि आज कुणीतरी दुसऱ्यानं ते म्हटलं, इतकंच. अर्ज त्यानं का केला, हे विभावरीला तेव्हा कळलं.

"शेवंती," त्यानं हाक मारली. "भायर ये. ही बाय काय सांगता ता आयक. माझ्या तोंडान माका सांगूक जमला नाय."

शेवंती बाहेर येऊन खांबाशी उभी राहिली. विभावरीनं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. वह्या, तारा, मेमो, डोंगरावरचं मिठबंदर, साडेपाचचा फोन. आबांचं नाव घेताना तिनं ते पूर्ण घेतलं, वामन गोविंद तोरसकर. दाखल्यावर ते तसंच येणार होतं आणि त्याच्याखाली जनार्दन खवणेकर. सही अस्माची असली, तरी मजकूर आज ती स्वतः लिहिणार होती.

"म्हंजे माझो बापूस गेलो नसतो," शेवंती म्हणाली.

"नसते गेले."

शेवंतीनं विभावरीकडे पाहिलं, मग काकाकडे. ज्या माणसानं तिला शाळेत घातलं, तिचं लग्न लावून दिलं, नवरा वारल्यावर परत घरी आणलं, त्याच्याकडे ती नवीन माणूस बघावं तशी बघत होती. विभावरीला वाटलं, ही आता ओरडेल किंवा आत निघून जाईल.

"बारा वर्सां," शेवंती म्हणाली, "रोज साडेपाचाक तुमी दोघा एकमेकाक फोन करी होतास. मगे बोलत होतास तरी काय?"

जनार्दनकाकांचे ओठ दोनदा हलले.

"आकडे," ते म्हणाले.